कोपऱ्याची खोली

"तुझी खोली कुठली गं?" पाहुण्या बाईंनी विचारलं, तेव्हा वहिनींच्या हातात धुवायच्या चादरींचा गठ्ठा होता.

बाई जन्मभर नर्स होत्या, आता निवृत्त. बरोबरची मंडळी पहाटेच जीपमधून जंगलात गेली होती. गुडघ्यांमुळे या मागं राहिल्या. त्यांची खोली झाडून होईपर्यंत कुठंतरी पाय पसरावेत, एवढंच त्यांना हवं होतं.

"या ना," म्हणत वहिनींनी पडदा सारून त्यांना स्वयंपाकघरामागं नेलं. एका बाजूला बटाट्यांची पोती, दुसऱ्या बाजूला भरलेले सिलिंडर. मधल्या जागेत लोखंडी खाट, आणि तिच्यावर जादाची ब्लँकेटं. वहिनींनी ती उचलून पोत्यांवर टाकली.

"ही तर कोठी झाली. तू राहतेस कुठं?"

"एवढ्या सगळ्या खोल्या माझ्याच की!" वहिनी हसल्या. हे बोलणं मुळात त्यांच्या नवऱ्याचं. येणारेजाणारे त्याला मालक म्हणत.

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकासमोरचं हे त्यांचं राहतं घर. आधी बाहेरची खोली पाहुण्यांना दिली, एका हंगामापुरती. मग निजायची खोली दिली. लेकीचं लग्न झालं आणि तिचीही खोली गेली. वर मजला चढला, तोही पाहुण्यांसाठीच. पाहुणे वाढत गेले तशी वहिनींची खाट आत आत सरकत गेली. मालक फोनसाठी बाहेर काउंटरमागच्या कोचावर झोपत. "हंगाम संपू दे, मग तुझं बघू," म्हणत. हंगाम संपला की गळती निघे, रंग निघे, गाद्या उन्हात घालायच्या निघत. जंगलात जनावर दिसलं नाही तर पाहुणे चहाला नावं ठेवत. वहिनी तेही ऐकून घेत, जणू जनावरं त्यांनीच लपवली होती.

बाई खाटेवर आडव्या झाल्या तोच भिंतीपलीकडं पाण्याचा पंप सुरू झाला. खाट थरथरायला लागली. त्या उठून बसल्या.

"इथं झोप लागते तुला?"

"पाठ टेकली की मेल्यासारखी झोपते."

जुन्या सवयीनं बाईंनी वहिनींचं मनगट हातात घेतलं.

"दमलेला माणूस कुठंही झोपतो गं," त्या म्हणाल्या. "म्हणून ती जागा काही झोपायची होत नाही."

दुपारी वरची कोपऱ्याची खोली रिकामी झाली. सगळ्यात मोठी, खिडकी थेट जंगलाकडं. लगेच दुसरे पाहुणे यायचे होते. वहिनींनी चादर ताणून घातली, उशांना अभ्रे चढवले, खिडकी उघडली. बाहेर नुसती झाडं होती, आणि गार सावली. टेकायचं म्हणून त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. मग उठल्या आणि दाराला आतून कडी घातली.

थोड्या वेळानं मालक धापा टाकत वर आले. दार ढकललं. उघडेना.

"अगं, झाली का खोली? पाहुणे खाली येऊन उभे आहेत."

"झाली."

"मग उघड की."

"खोली गेली."

"गेली? कुणाला दिलीस?"

"मला."

मालक हसले. मग हसू आटलं. दाराशी तोंड नेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "डोकं फिरलंय का तुझं? लोक काय म्हणतील? एवढा हंगाम जाऊ दे, मग..."

आतून रडणं नाही की ओरडणं नाही. फक्त पलंग करकरला. कुणीतरी कूस बदलली होती. भांडायच्या तयारीनं आलेल्या मालकांना भांडायला कुणी सापडेना.

ते खाली आले. पाहुणे पिशव्या सांभाळत पायरीशी उभे. "जरा थांबा हं," म्हणत मालक मागं धावले. घरात दुसरी खोली शिल्लक नव्हती. कोठी तेवढी होती. सिलिंडर हलवले, दोन गाद्या टाकल्या, तर एका रात्रीची सोय होईल? त्यांनी पडदा सारला. खोल्या दाखवण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्यांनी पाहुण्याच्या नजरेनं चौफेर पाहिलं. कुबट वास होता. हवा यायला झरोकाही नव्हता. पंप धडधडत होता.

"छे! इथं माणसाला कसं ठेवायचं?" ते स्वतःशीच, पण मोठ्यानं म्हणाले.

स्वयंपाकघरात बाई चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, मालकांकडं पाहिलं आणि पुन्हा कपात पाहायला लागल्या.

मालक पडदा धरून तसेच उभे राहिले.

मग बाहेर येऊन त्यांनी पाहुण्यांच्या पिशव्या उचलल्या आणि समोरच्या लॉजवर स्वतः पोचवून आले. त्या लॉजच्या मालकाशी त्यांचं बोलणं नव्हतं. तरी गेले.

परत येऊन ते सावकाश जिना चढले. कोपऱ्याच्या खोलीपुढं थांबले. हात उचलला आणि बोटानं हलकेच दार वाजवलं.

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचं दार त्यांनी कधी वाजवलं नव्हतं. वाजवायला तिला दारच नव्हतं.