नाव कुठेच नाही

शिंपी मास्तर दारात येऊन उभे राहिले तेव्हा संशोधिका स्क्रीनवरचा आकडा वाढताना पाहत होती. अकरा हजार चारशे बारा. पापणी लवली, चारशे पंधरा.

तिच्या खुर्चीमागे विभागप्रमुख उभे होते. ब्लॉग लिहिणं म्हणजे संशोधकाने चव्हाट्यावर जाऊन बसणं, असं त्यांचं गेल्या सोमवारपर्यंत ठाम मत होतं.

“आपल्या विभागाच्या वीस वर्षांतल्या सगळ्या निबंधांना मिळून इतके वाचक लाभले नसतील,” ते म्हणाले. “आणि त्यातले निम्मे आपणच, एकमेकांचे. लिंक पाठव मला. वर कळवतो.” मास्तरांना धक्का न लावता ते लगबगीने बाहेर पडले.

“अरे, मास्तर! या ना, बसा.”

“बसत नाही मॅडम. दुकान उघडं टाकून आलोय.”

मास्तरांच्या दुकानात ती सहा आठवडे स्टुलावर बसली होती. माणसांच्या शरीराची खबर घरच्यांच्या आधी शिंप्याला कशी लागते, हा तिचा विषय. विद्यापीठाच्या नीतिसमितीने चौदा पानी अर्ज भरून घेतला होता. मास्तरांनी न वाचता सही केली होती. समितीनेही बहुधा तसंच केलं होतं.

“तुमचं ते मोबाइलवरचं ऐकलं,” मास्तर म्हणाले. “एका गिऱ्हाइकाने वाचून दाखवलं. छान लिहिलंय. माझं दुकान इतकं स्वच्छ आहे, हे मला माहीत नव्हतं.”

ती हसली. मास्तर हसले नाहीत, तेव्हा थांबली.

“काल त्या बाईंची मुलगी आली होती.”

कुठल्या बाई, हे तिने विचारलं नाही. लेखातलं सगळ्यांनी उचललेलं वाक्य त्यांचंच होतं. ‘एका गिऱ्हाइकाची कंबर वर्षात पाच इंचांनी उतरली, घरी कुणाला ठाऊक नाही, शिंप्याला आहे.’ लोकांनी त्याखाली रडणारे चेहरे टाकले होते. काहींनी आपापल्या शिंप्यांच्या आठवणी.

“पण मी नाव कुठेच दिलेलं नाही, मास्तर. मापाच्या वहीचा फोटो टाकला, त्यातही नावावर काळी पट्टी मारलीये.”

“मारलीये. नीट मारलीये.” मास्तरांनी मान हलवली. “पानाला कापडाचा तुकडा टाचलेला असतो ना, नमुन्याचा. तो राहिला.”

तिने फोटो उघडला. काळ्या पट्टीखाली, टाचणीला लटकलेला हिरवा तुकडा. त्यावर बारीक पिवळे ठिपके. तो राहिला नव्हता. तिने ठेवला होता. त्याच्यामुळे फोटो उठून दिसत होता.

“पोरगी म्हणाली, मास्तरकाका, हे कापड मी आईबरोबर जाऊन निवडलंय. पाच इंच म्हणजे काय?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? म्हटलं, टेप जुनी झाली गं, ताणली गेलीये, माप कमी दाखवते. पोरीचं डोकं गणिताचं. म्हणते, मग त्याच टेपने घेतलेलं माझं माप कसं नाही उतरलं?”

संशोधिकेने डोळे मिटले.

“तीन आठवड्यांनी परीक्षा आहे तिची,” मास्तर म्हणाले. “तोवर घरात काही बोलायचं नाही, असं आईचं ठरलं होतं. उपचारसुद्धा भावाकडे जाते म्हणून सांगून चालले होते. मला माहीत होतं, कारण माप मीच घेतो. आणि तुम्हाला, कारण मी बोललो.”

“मी आत्ता काढून टाकते.”

तिने काढून टाकलं. त्याला दोन सेकंद लागले. लिहायला दोन रात्री लागल्या होत्या. मग तिने शोधून पाहिलं. हिरवा तुकडा आणखी कुठे कुठे होता. एकाने त्याच्याभोवती फुलांची चौकट काढली होती. फोन वाजला. विभागप्रमुखांचा निरोप होता: ‘लिंक उघडत नाहीये. काहीतरी कर.’

“मास्तर, माझं चुकलं.”

“नाही हो. नाव छापणार नाही म्हणालात, नाही छापलंत. सहीच्या वेळी जे बोललात, ते पाळलंत. तुमच्या कागदाप्रमाणे काही चुकलेलं नाही.”

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. पण मास्तर फक्त टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते, कडा सरळ आहे की नाही ते बघावं तसं.

“बाई आल्या होत्या का?” तिने विचारलं.

“आज सकाळी दुकानासमोरून गेल्या. पलीकडच्या फुटपाथने. बावीस वर्षं माझ्याकडे शिवतात.”

बाहेर तासाची घंटा झाली. जिन्यावर मुलांचा गलका उठला आणि विरला.

“एक गोष्ट राहिली बघा तुमच्या लिहिण्यात,” मास्तर म्हणाले. “त्या दिवशी तुम्ही बस गाठायची म्हणून मधेच उठलात. नाहीतर दाखवलं असतं. बाईंचा तो हिरवा ड्रेस मी बारीक केला, पण कापड कापलं नाही. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं आत दुमडून ठेवलंय. अंग पुन्हा भरलं की उसवायचं, बस. बाईंनाही बोललो नव्हतो. ड्रेस दुकानातच होता, म्हणून काल पोरीसमोर उलटा करून दाखवला. तिने ते आतलं कापड हातात धरलं, बराच वेळ धरलं, आणि मला म्हणाली...”

मास्तरांची नजर टेबलावर गेली.

संशोधिकेच्या हातात पेन होतं. टोपण काढलेलं. ते कधी उचललं, तिचं तिलाही कळलं नव्हतं.

“चला,” मास्तर म्हणाले. “दुकान उघडं आहे.”