पिवळा कुणाचा

पानाच्या समासात निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: "पहिल्या तीन चौकटी तपकिरी. बायकोसकट."

तिनं ब्रश पाण्यात बुडवला आणि पुन्हा वाचलं. नवऱ्याचं अक्षर एरवी कोंबडीचे पाय, पण हे नीट वळणदार होतं. अकरा वर्षं दर आठवड्याला तो चित्रं काढत होता आणि ती रंगवत होती. चित्रकथा त्यांच्याच घराची: विसरभोळा नवरा, पिवळ्या स्वेटरमधली बायको, लाल रिबिनींची पोरगी. चित्रकथेत तपकिरी म्हणजे होऊन गेलेलं. नवऱ्याचं बालपण तपकिरी, मेलेला कुत्रा तपकिरी, आजोबा वारले त्या आठवड्यापासून तेही तपकिरी. वाचकांना हे कधी समजावून सांगावं लागलं नव्हतं.

चौथ्या चौकटीत स्वयंपाकघर होतं. हेच, ह्याच खिडकीचं. टेबलाशी नवरा, पोरगी आणि आखूड केसांची एक बाई. शेजारी निळ्या पेन्सिलीनं: "हिला पिवळा स्वेटर."

पान हातात घेऊन ती पलीकडच्या खोलीत गेली. तो पेन्सिलीला टोक करत बसला होता.

"ही कोण?"

"नवीन पात्र."

"मी विचारलं, ही कोण?"

त्यानं टोकावर फुंकर मारली. "तुला माहीत आहे."

माहीत नव्हतं. संशय होता, आणि संशय पोटात ठेवून माणूस वर्षभर जेवू शकतो, झोपूही शकतो. आता मात्र तो पानावर उतरला होता. ती भिंतीला टेकली.

"मला कधी सांगणार होतास?"

"सांगितलं की. पान सगळ्यांच्या आधी तुझ्याच हातात येतं."

तो चेष्टा करत नव्हता. आपण रीतसर कळवलं, असं त्याला खरोखरच वाटत होतं. तोंडानं दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत म्हणून पोरगा चित्रं काढायला लागला, असं त्याची आई सांगायची आणि सगळे कौतुकानं हसायचे. तीही हसायची. मूर्खच होती.

"आणायची तर आण. पण माझा स्वेटर तिला कशाला? निळा दे, हिरवा दे."

"तसं नाही चालत, तुलाही कळतं. आपल्या पात्रांची तोंडं ती काय, दोन ठिपके आणि एक स्वल्पविराम. लोक पिवळ्याला ओळखतात. पिवळं दिसलं की त्यांना घर आहे असं वाटतं." तो समजावत होता, आणि तेही मायेनं. "तो रंग तूच निवडलास, मी कुठे नाही म्हणतो?"

कानामागून आली आणि तिखट झाली, असं लोक म्हणतात. इथे तिखट व्हायला बाईला अजून यावंही लागलं नव्हतं.

"आणि पोरगी? तिच्याशी बोललास?"

"नऊ वर्षांच्या पोरीशी काय बोलायचं? दोन-चार आठवडे पानावर बघू दे. रंगाची सवय झाली की माणसाची होते."

"पोरगी माझ्याजवळ राहील."

"चौथी चौकट नीट बघ," तो म्हणाला, आणि दुसरी पेन्सिल उचलली. "पाचच्या आत छापखान्यात जायला हवं पान."

तिनं पाहिलं. पोरगी त्या बाईच्या मांडीवर बसली होती.

पान फाडता आलं असतं. शाईची बाटली हाताशी होती, ओतता आली असती. पण तासाभरात त्यानं दुसरं काढलं असतं आणि रंगवायला दुसरं कुणी शोधलं असतं. शिवाय तिच्या मनात एक वेडी आशा होती. पोरगी दर आठवड्याला शाळेतून आली की आधी पान बघायची, मग बूट काढायची. तिला कळेल. आई तपकिरी का, असं ती बापाला विचारेल, आणि मग त्याला तोंड उघडावं लागेल. पोरीच्या डोळ्यांत बघून सांगावं लागेल. त्याला ते जमायचं नाही.

म्हणून ती रंगवायला बसली. तपकिरीत तिनं स्वतःला इतकं जपून कधीच रंगवलं नव्हतं. गालावर किंचित उजळ, हनुवटीखाली गडद, कपाळावरची सुटी बट वेगळी दिसेल अशी. पिवळा मात्र तिनं नुसता भरून टाकला. सपाट, एका हातानं, जसा शिपाई शिक्का मारतो.

पोरगी आली. दप्तर पाठीवरच.

"अहो चित्रकार," तिनं नवऱ्याला हाक मारली, "इकडे या. पोरगी पान बघतेय."

तो दारात येऊन उभा राहिला. पेन्सिल हातात फिरवत होता. घाबरला होता तो, तिला ते दिसलं, आणि बरं वाटलं.

ओल्या रंगाला बोट लागू न देता पोरगी पहिल्या तीन चौकटी बघत गेली.

"ही आजी ना?"

बोट चौथ्या चौकटीवर आलं आणि पोरीचा चेहरा खुलला.

"आई! तू केस कापणार आहेस? काय छान दिसतेस गं!"

तिनं तोंड उघडलं, पण पोरगी तिच्याकडे बघतच नव्हती. ती पिवळ्याकडे बघत होती. दारातून एक मोठा सुटकेचा श्वास ऐकू आला.

"वाळलं का?" त्यानं विचारलं.