पांढरे दगड

टेकडीवरची निसर्गवाट आम्ही शेजाऱ्यांनी नऊ वर्षं हातांनी राखली. आधी पावलांनी गवत दबायचं, मगच कडेला पांढरे दगड मांडायचे, ही आमची रीत. वाटेच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांनीच टेकडी परस्पर बिल्डरच्या घशात घातली.

आवाज चढवायचा नाही, हा माझा नेम. पण हल्ली जप करतानाही दात आवळलेले असतात.

सोमवारी ते दगड आमच्या फाटकापर्यंत आले. मंगळवारी भावजींच्या उंबऱ्यापर्यंत, फरशीवर दबलेल्या गवतासकट.

"वहिनी, हा चावटपणा कुणाचा?"

"अध्यक्ष तुम्ही. तुम्हालाच ठाऊक."

आज सकाळी त्यांनी हाक मारली. दगड पलंगाशी संपले होते. भावजी उताणे, हलता येत नव्हतं. सदऱ्यावर मातीचं एकेक पाऊल उमटत छातीपर्यंत आलं होतं.

"वहिनी, थांबवा त्यांना."

मी माळ ओढत राहिले. पावलं पडली होती, दगड अजून मांडायचे होते.