झोपवणारे डॉक्टर

ट्रॉलीचं पुढचं एक चाक अडकत होतं. सव्वीस वर्षं डॉक्टर या ट्रॉलीच्या शेजारून चालत आले होते, पण हे त्यांना आज तिच्यावर उताणं झोपल्यावर कळलं. दर चार पावलांवर एक हिसका.

सगळं हॉस्पिटल त्यांना 'झोपवणारे डॉक्टर' म्हणायचं. ऑपरेशनआधी माणसाला भूल द्यायची आणि काम संपलं की परत जागं करायचं, हा त्यांचा उद्योग. आज त्यांच्याच पित्ताशयातले खडे काढायचे होते. किरकोळ ऑपरेशन, तासाभराचं. 'किरकोळ' हा शब्द त्यांनी हजारो घाबरलेल्या माणसांना ऐकवला होता. सकाळी सर्जनने तोच त्यांना ऐकवला, तेव्हा त्यांना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मुठीत घडी घातलेला कागद होता. दोन दिवस खपून त्यांनी तो लिहिला होता. कोणतं औषध किती, नळी कोणत्या मापाची, रक्तदाब घसरला तर काय, श्वास अडकला तर काय, दोन्ही एकदम झालं तर काय. दोन्ही बाजू भरल्या तरी मन भरेना, तेव्हा समासात आडवं लिहिलं. घर बांधतानासुद्धा आपण एवढं लिहिलं नव्हतं, असं बायको म्हणाली होती. ते हसले नव्हते.

थिएटरच्या दाराशी बायको थांबली. पुढं तिला सोडणार नव्हते.

"अहो, देवाचं नाव घ्या," ती हळूच म्हणाली.

"नाव घेऊन नेमकं काय होतं ते सांग, मग घेतो." आवाज नेहमीसारखा खणखणीत काढायचा होता, तो चिरका निघाला. ट्रॉली ढकलणाऱ्या मामांनी मान दुसरीकडे वळवली. दार मिटलं.

आत त्यांची विद्यार्थिनी उभी होती. सहा वर्षं हाताखाली शिकलेली, आता स्वतःच भूलतज्ज्ञ झालेली. भूल तिनेच द्यावी असा डॉक्टरांचा हट्ट होता. तिने कागद घेतला आणि शांतपणे दोन्ही बाजू वाचल्या. समासातलं वाचायला कागद आडवा धरला.

"सर, सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "मीही अगदी हेच करणार होते."

ते ऐकलं आणि डॉक्टरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या दिवशीही सगळं बरोबरच होतं.

आठ वर्षं झाली होती. चाळिशीचा एक शिंपी, धडधाकट, हर्नियासाठी आलेला. टेबलावर चढता चढता त्याने डॉक्टरांच्या बाहीची उसवलेली शिवण बघितली आणि बरा झालो की पहिल्यांदा ही शिवतो, असं सांगितलं. भूल दिली आणि चौथ्या मिनिटाला त्याचं हृदय थांबलं. ते थांबलंच. नंतर डॉक्टरांनी बाटल्या, नळ्या, यंत्र, कागदपत्रं, सगळं तीन-तीनदा तपासलं. बाहेरून तज्ज्ञ आले, त्यांनीही तपासलं. चूक कुठेच नव्हती. शिंप्याच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, चूक कुठेच नाही, तर मग माझा माणूस कुठं गेला?

तेव्हापासून डॉक्टर प्रत्येक गोष्ट दोनाऐवजी चारदा तपासायचे. लोकांना वाटायचं, काय दक्ष माणूस आहे.

त्यांना टेबलावर घेतलं. छातीला तारा लागल्या, बोटाला चिमटा लागला आणि यंत्र त्यांच्याच काळजाचे ठोके मोठ्याने मोजू लागलं. एकशे अठरा. एकशे चोवीस. आकडा वाढलेला बघून त्यांना भीती वाटत होती आणि भीती वाटली की आकडा वाढत होता. हे असं होतं, हेही त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून काडीचा उपयोग नव्हता. तळपाय बर्फासारखे गार पडले होते. तिने सुई टोचायला मनगट धरलं, तर उलट त्यांनीच तिचं मनगट घट्ट पकडलं.

"थांब जरा. मला भीती वाटतेय गं."

सर्जन खाकरला. तिने मात्र 'किरकोळ' म्हटलं नाही, घड्याळाकडेही बघितलं नाही.

"मलाही वाटते, सर," ती म्हणाली. "रोज वाटते."

त्यांची पकड सैल होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग सुई लावून ती त्यांच्या डोक्यामागे गेली आणि ऑक्सिजनचा मास्क हातात घेऊन क्षणभर थबकली. तिच्या तोंडावरचं हिरवं कापड हलत होतं. ते असं हलताना डॉक्टरांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. पोरगी मनातल्या मनात औषधांची मापं घोकतेय, असं समजून त्यांना तिचं कौतुक वाटायचं. आज खालून, अगदी जवळून, त्यांना तिचे डोळे दिसले. ते मिटलेले होते. मापं कुणी डोळे मिटून घोकत नाही.

"मोठ्यानं म्हण," ते म्हणाले. "मलाही ऐकू दे."

ती ओशाळली. सर्जन उगाच हातमोजे नीट करत राहिला. मग ती खाली वाकली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "देवा, मला कळतं तेवढं मी करते. बाकीचं तू बघ."

एवढंच होतं. त्यात एकही आकडा नव्हता.

मास्क खाली आला. रबराचा वास नाकात भरला, शिरेतून काहीतरी गार वर चढू लागलं. मास्कच्या आत त्यांचेही ओठ हलले. सगळं म्हणून झालं नाही. "बाकीचं," एवढं मात्र त्यांचं त्यांना ऐकू आलं.