बाहेर उघडणारं दार

शिवमूर्तीअण्णांनी नेहमीप्रमाणे दार आत ढकललं आणि दारानं नेहमीप्रमाणे त्यांना दाद दिली नाही. धाकट्या बहिणीचं हे घर बांधून इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्या हाताला सवय होत नव्हती. साऱ्या लातुरात दारं आत उघडतात; गोदावरीचं एकटीचं बाहेर उघडतं. सुतारानं तेव्हा तिला वेड्यात काढलं होतं. सांगते तसं बसव, नाहीतर हत्यारं उचल, असं तिनं त्याला ठणकावलं होतं.

“ओढा, अण्णा,” ती आतून म्हणाली.

अण्णा चहालाही थांबायला तयार नव्हते. भाची उर्वी टोकियोत भाड्याचं घर बघतेय, ही बातमी त्यांना बाहेरून कळली होती आणि त्याचाच राग मोठा होता. कंपनीच्या वसतिगृहातली तिची मुदत संपत आली होती. शहरातली भाडी तिच्या पगाराला झेपत नव्हती, म्हणून तिनं नदीपलीकडचं एक स्वस्त उपनगर निवडलं होतं. आज ती घर बघायला गेली होती आणि हो की नाही ते तिथंच सांगायचं होतं, कारण मागं दुसरं गिऱ्हाईक टपलेलं होतं. पण तिचंच मन कच खात होतं. मी फोनवर घर दाखवते, तू बघून सांग, असं तिनं आईला बजावून ठेवलं होतं.

अण्णांनी क्लासच्या गल्लीत इमारत बांधून तिथं पोरांना खोल्या भाड्यानं दिल्या होत्या. त्यामुळं जगात कुठंही खोली घ्यायची तर आधी आपल्याला विचारावं, असं त्यांचं साधं मत होतं. त्यांचा हिशोबही साधाच होता. खोली जितकी क्लासजवळ, तितकं पोरगं डॉक्टर. गोदावरीनं उर्वीला रिंग रोडच्या पलीकडच्या ह्या घरातून सायकलवर क्लासला धाडलं, तेव्हा पोरगी वाया गेली असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. पोरीनं वाया जायला साफ नकार दिला, ही गोष्ट वेगळी.

आता ते खुर्चीत बसून बोलत सुटले. एवढ्या लांब, शहराबाहेर, एकट्या पोरीनं काय म्हणून राहायचं? राहायचंच तर शहराच्या मधोमध, आपल्या माणसांत राहावं. नाहीतर सरळ परत यावं. फिजिक्स शिकवायला इथले क्लासवाले तिला हाताला धरून नेतील. एकाशी त्यांनी बोलणंही करून ठेवलं होतं. गोदावरी समोर बसून कणीक मळत होती. तिचे मालक शाळेवर गेले होते आणि घरी असते तरी अण्णांपुढं बोलले नसते.

“अन् तिथली जिमीन सारखी हलते म्हनं,” अण्णांचा आवाज खाली आला. “गोदे, आपलं काय झालं ते इसरलीस व्हय?”

गोदावरीचे हात थांबले. विसरायला ती काय तिथं पाहुणी होती? भूकंपाच्या त्या पहाटे ती आणि आई जुन्या घरात होत्या, अण्णा बाहेर ओट्यावर झोपले होते. डोक्यावरचं मातीचं माळवद खाली आलं. दगडमातीचा ढीग आतून दाराला येऊन टेकला. अण्णा बाहेरून दार ढकलत होते, ती आतून नखांनी दगड उकरत होती. दार पंजा जाईल एवढं किलकिलं झालं आणि तिथंच अडलं. शेवटी लोकांनी भिंत फोडून तिला काढलं, तोवर आईचा आवाज बंद झाला होता. बहीणभावांनी त्यावर आजवर एक शब्द काढला नव्हता.

“इसरले न्हाई,” ती म्हणाली. “म्हनूनच सांगते, पोरगी परत येनार न्हाई. तुमी अन् मी जलमभर भेत आलो, अण्णा. तिनं कामून भ्यायचं?”

अण्णा उत्तर देणार तोच फोन वाजला.

उर्वीनं घर दाखवलं. खोली लहान होती, पण खिडकीतून नदीचा बांध दिसत होता. स्वयंपाकाचा ओटा एकाच माणसापुरता होता. दाखवता दाखवता तीच खोट काढत होती. स्टेशन लांब आहे, आई. ओळखीचं कुणीच नाही. परत ये म्हणून मामा कधीचे म्हणतात, तेच बरं असेल का?

“नको म्हन तिला,” अण्णा म्हणाले.

गोदावरीनं पिठाच्या हातानंच फोन जवळ ओढला.

“खिडक्या राहू दे. दाराकडं जा. आतून उघड.”

उर्वी दारापाशी गेली. ह्या घरात वाढलेली पोर. तिनं विचार न करता तळवा टेकवला आणि पुढं ढकललं. दार बाहेर उघडलं. समोरच्या व्हरांड्यात ऊन पडलं होतं.

“इथं सगळ्यांची दारं अशीच असतात, आई,” ती म्हणाली. “आपल्यासारखी.”

“घे ते घर. मामाचं मी बघते.”

आणि गोदावरी भावाकडं वळली. आज ती एक पाऊल मागं सरणार नव्हती. काय काय बोलायचं ते सगळं तिच्या ओठांवर आलं होतं.

अण्णा तिच्याकडं बघतच नव्हते. ते खुर्चीतून उठून फोनपाशी आले होते आणि त्यांचा उजवा तळवा ढकलायला निघाल्यासारखा नुसताच पुढं झाला होता.

“तिला म्हन,” ते म्हणाले, “आजून एकदा उघड.”