अर्धा कोयता

सहकारी कारखान्याच्या फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ऊस तोडताना उत्तरेश्वरच्या पायाला लागलं, जखम चिघळली, ताप चढला, तसा मुकादम त्यांच्या पाचटाच्या कोपीच्या तोंडाशी येऊन म्हणाला, "अर्धा कोयता मला चालत न्हाई. उद्या उठला न्हाई तर दोघं चालते व्हा गावाकडं." दुष्काळानं त्यांच्या गावी, नांदूरघाटला प्यायलाही पाणी उरलं नव्हतं.

कौशल्याबाईनं दम्यासाठी मिळालेल्या आपल्या गोळ्या नवऱ्याला दिल्या. सकाळपर्यंत ताप उतरला, ठणका गेला. भाकरी मागून मागून खात तो हसला, "लई जोरदार औषध हाय तुजं! आता मोळ्या मीच वाहतो, तू बस राणीवानी."

आठवडाभर तिच्या गोळ्या घेत त्यानं गाड्या भरल्या आणि एका दुपारी फडातच कोसळला.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या खिशातलं गोळ्यांचं पाकीट पाहिलं. "ह्या स्टिरॉइडच्या गोळ्या. दुखणं झाकलं गेलं आणि आत पू वाढत राहिला. आता विष रक्तात भिनलंय, वाचणं अवघड आहे. जखमेवर ह्या गोळ्या दिल्या कुणी?"

कौशल्याबाईला सांगायचं होतं. पण धापेनं तिच्या तोंडून शब्द फुटेना.