बारा मासे, पंधरा दिवस

आज सात मेले होते. टोलेमामांनी गाळणीने एकेक वर काढला, कागदात गुंडाळला आणि पुडी खिशात घातली. मग दुधाच्या किटलीतून आणलेले सात जिवंत गप्पी मासे काचेच्या टाकीत सोडले. शाळा भरायला अजून पाऊण तास होता. नवे मासे गोंधळून इकडेतिकडे फिरू लागले. जुने पाच तळाशी एका कोपऱ्यात थांबले होते. टाकीवर मुलांच्या अक्षरात पाटी होती : पर्यावरण मंडळ, दिवस चौदावा, मासे बारा.

तीस वर्षं शाळेचे टोल देणारे हे शिपाई, म्हणून सगळ्यांचे टोलेमामा. मंडळाची अध्यक्ष म्हणजे सातवीतली त्यांची नात, लेकीची मुलगी. ती दोन वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडेच वाढलेली. घरात ते तिला 'अध्यक्षीणबाई' म्हणून चिडवत आणि ती सांगेल ते मुकाट करत. तिच्यापुढे त्यांचं काही चालत नसे, आणि चालावं अशी त्यांची इच्छाही नव्हती.

गेल्या वर्षी मंडळाने मैदानाच्या कडेने चाळीस रोपं लावली. सुट्टीत सगळी वाळली. पोरं त्यांना 'सुकं मंडळ' म्हणू लागली आणि तीस सभासदांचे नऊ उरले. नात दोन दिवस जेवणाला शिवली नाही. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, म्हणाल्या, "आता एकच संधी. हेही फसलं तर मंडळ बंद." तेव्हा मुलांनी हे माशांचं काढलं. मागच्या भिंतीजवळची जुनी विहीर उपसून घेतली, तिचं पाणी टाकीत भरलं आणि त्यात मासे सोडले. पाणी रोज बदलायचं, असा नियम केला.

"पंधरा दिवस हे बारा जगले पाहिजेत, आजोबा," नात म्हणाली होती. "जगले, की आम्ही जिंकलो."

मामांनी तेवढंच ध्यानात ठेवलं. दुसऱ्याच सकाळी दोन मासे मेलेले दिसले आणि त्यांच्या काळजात धस्स झालं. आता पोरं येणार, बघणार आणि पुन्हा तोंडं पाडून बसणार. ते तसेच बागेतल्या हौदावर गेले आणि दोन धरून आणले. तिसऱ्या दिवशी तीन आणावे लागले. पोरं लाडाने बिस्किटं चारतात, त्यानेच मरत असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पाणी तर तळ दिसेल इतकं नितळ होतं. वास नाही, गढूळपणा नाही. हात घातला की बोटं जरा चुणचुणायची, पण या वयात काहीतरी चुणचुणायचंच. भिंतीपलीकडचा रंगाचा कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली होती. त्याचं आता कुणी नावही काढत नसे.

अलीकडे मात्र सकाळी टाकीजवळ जाताना त्यांचे पाय जड होत. मेलेल्या माशांची तोंडं उघडी असत. कालचे नवेही आज मरत. नात दप्तरासकट धावत यायची, काचेला नाक लावून मोजायची आणि ओरडायची, "आजोबा, बाराच्या बारा!" तेव्हा मामा कुलूप शोधायच्या निमित्ताने दुसरीकडे बघत. तिच्याशी खोटं वागल्याचं त्यांना वाईट वाटे. पण तिचा चेहरा बघितला की तेही वाटेनासं होई.

सोळाव्या दिवशी मैदानावर सगळी शाळा जमली. पालक आले होते. विहिरीवरून नळ घेतले होते आणि त्यांना फीत बांधली होती. मोठ्या बाई माईकवर बोलायला उभ्या राहिल्या.

"सोमवारपासून कुणीही प्लास्टिकची बाटली आणायची नाही. आपली सहाशे मुलं आपल्याच विहिरीचं पाणी पितील. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिना लागेल. पण आपल्या मंडळाने त्याहून जिवंत पुरावा दिलाय. पाण्यात काही वाईट असतं, तर हे बारा मासे पंधरा दिवस जगले असते का?"

टाळ्या कडाडल्या. मामा टोलाजवळ उभे होते. ते वाक्य त्यांना आधी नीट कळलं नाही, आणि कळलं तेव्हा त्यांचा हात खिशाकडे गेला. खिशात आज सकाळचीही पुडी होती. तिच्यात बाराच्या बारा मासे होते. समोर नात मान ताठ करून उभी होती. आता बोललो तर मंडळ गेलं, तिची मान कायमची खाली गेली आणि आपली नोकरीही गेली. मोठ्या बाईंनी पहिलीतल्या एका चिमुरडीला पुढे बोलावलं आणि तिच्या हातात भरलेला पेला दिला.

मामांनी टोल बडवायला सुरुवात केली. सगळे वळले. हातोडा टाकून ते धावत पुढे गेले आणि त्या मुलीच्या हातातला पेला त्यांनी उडवून दिला.

"कुणी पिऊ नका! मासे मेले! रोज मरत होते! मीच गुपचूप बदलत होतो!"

चिमुरडीच्या आईने तिला ओढून उराशी धरलं. कुणीतरी नळ घट्ट बंद केला. मामा धापा टाकत होते, पण जीव भांड्यात पडला होता. उशिरा का होईना, वेळेत तोंड उघडलं होतं. आता नातीचा राग, रडणं, सगळं सोसायच्या तयारीने ते तिच्याकडे वळले.

ती रडत नव्हती. ती मंडळातल्या बाकीच्या आठजणांकडे बघत होती, आणि ते तिच्याकडे.

"आजोबा," ती अगदी हळू म्हणाली, "दुसऱ्यांना पाजायच्या आधी आपण पिऊन बघायचं, असं आमचं ठरलं होतं. मासे जगतायत म्हणून आम्ही नऊजण दहा दिवस हेच पाणी पितोय."